वर्टसाठी ऑक्सिजन कुठून आणायचा: पंप, छोटा सिलिंडर की वेल्डिंगवाला?

जवाचं माल्ट गरम पाण्यात भिजवलं की जे गोड पाणी निघतं, ते वर्ट. बिअर यातूनच बनते. वर्ट तासभर उकळताना त्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळपास सगळा उडून जातो. पण यीस्टला सुरुवातीच्या काही तासांत तो हवाच असतो, नाहीतर नव्या पेशींच्या आवरणासाठी लागणारी स्टेरॉल्स बनत नाहीत. म्हणून वर्ट थंड झाल्यावर, यीस्ट घालायच्या वेळी ऑक्सिजन द्यायचा. आंबणं जोरात सुरू झाल्यावर दिला तर चव बिघडते.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी ओरेगॉनमध्ये राहतो आणि अमेरिकेत 1978 च्या कायद्यानंतर स्वतःपुरती बिअर घरी बनवता येते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे.

हवा पुरते का?

बहुतेक वेळा हो. साध्या बिअरला 8 ते 10 पीपीएम ऑक्सिजन लागतो. हवेत ऑक्सिजन 21 टक्केच, त्यामुळे कितीही हलवा, आकडा 8 च्या आसपास अडतो. फिशटँकचा पंप लावा, पण मध्ये 0.2 मायक्रॉनचा फिल्टर हवाच, नाहीतर खोलीतले जंतूही आत जातील. ड्राय यीस्ट वापरत असाल तर एवढंही नको. त्याची तयारी कारखान्यातच झालेली असते.

कडक बिअर आणि छोटा सिलिंडर

इथे शुद्ध ऑक्सिजन लागतो. हार्डवेअरच्या दुकानात छोटा लाल सिलिंडर मिळतो, त्यात साधारण 40 ग्रॅम ऑक्सिजन असतो. (आटे उलटे असतात, रेग्युलेटर जबरदस्तीने फिरवू नका.) हिशोब बघा: 19 लिटरमध्ये 10 पीपीएम म्हणजे फक्त 190 मिलीग्रॅम. पण मिनिटाला एक लिटर या वेगाने मिनिटभर सोडला तर 1.3 ग्रॅम जातो, म्हणजे बहुतेक बुडबुडे वरून पळतात. तरी तीसेक बॅच निघायला हव्यात.

माझ्या आठ निघाल्या. रेग्युलेटर काढून ठेवायला विसरलो आणि गॅस हळूहळू गळून गेला. या सिलिंडरला मीटर नसतो. नवव्या बॅचला दोन-चार बुडबुडे दिसले आणि मी खूश! 1.090 ग्रॅव्हिटीचं वर्ट 1.038 वर अडकलं. तीन आठवडे वाट पाहिली, नवीन यीस्ट घातलं, काही हललं नाही. 19 लिटर सिंकमध्ये. आता सिलिंडर दर वेळी किचनच्या वजनकाट्यावर ठेवतो. नव्यापेक्षा 35 ग्रॅम कमी भरला की बदलतो.

वेल्डिंगचा चालतो?

चालतो. दोन्हीकडचा ऑक्सिजन हवेतूनच वेगळा केलेला असतो. मेडिकलमध्ये फरक सिलिंडरची हाताळणी, तपासणी आणि कागदपत्रांचा, शिवाय त्याला इथे डॉक्टरची चिठ्ठी लागते. वेल्डिंगवाल्यालाही मी फिल्टर लावतोच. 20 घनफुटी सिलिंडरमध्ये 560 लिटरच्या वर गॅस येतो आणि रेग्युलेटरवर मीटर असतो. सुरुवातीचा खर्च जास्त, पण महिन्याला एक बॅच करणाऱ्याने हाच घ्यावा असं माझं मत.

कॉन्सन्ट्रेटरचं म्हणाल, तर 2021 मध्ये आपल्याकडे हे यंत्र सगळ्यांना माहीत झालं. ते हवेतला नायट्रोजन गाळून 90 टक्क्यांच्या वर ऑक्सिजन देतं. काम होईल, पण महिन्यातल्या एका मिनिटासाठी एवढं धूड कोण ठेवणार?

कोणताही सिलिंडर घेतलात तरी रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लावू नका, शुद्ध ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकतं. आणि वर्ट उकळायचा बर्नर पूर्ण बंद झाल्याशिवाय वॉल्व्हला हात लावू नका.