कात्री, निबंध आणि पदवी: फॅशन-शिक्षणातील अखेरच्या वर्षाचा इतिहास
फॅशन डिझाइनच्या पदवी अभ्यासक्रमाच्या अखेरच्या वर्षी विद्यार्थ्याला सहसा दोन गोष्टी सादर कराव्या लागतात: एक प्रबंधिका आणि एक ‘कलेक्शन’, म्हणजे एकाच कल्पनेतून उभा केलेला काही पोशाखांचा संच. ही जोडी आज स्वाभाविक वाटत असली, तरी शिवणाच्या धंद्याला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळवून देताना ब्रिटनमध्ये जो झगडा झाला, त्यातूनच ती घडत गेली आहे.

कपडे बेतण्याचे आणि शिवण्याचे ज्ञान पूर्वी शिंप्याकडे किंवा पोशाखगृहात उमेदवारी करून मिळवले जात असे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून फॅशनची पहिली पदविका 1931 मध्ये म्युरिएल पेम्बर्टन यांना मिळाली आणि पुढे सेंट मार्टिन्स या कलाशाळेत त्यांनी फॅशनचा विभाग नावारूपाला आणला. रॉयल कॉलेजने 1948 मध्ये स्वतंत्र फॅशन विभाग काढला, तेव्हा ‘व्होग’ मासिकात फॅशन-संपादक राहिलेल्या मॅज गार्लंड यांना त्याचे प्राध्यापकपद देण्यात आले.

तरीही या विषयाच्या बौद्धिक योग्यतेविषयीची शंका मिटली नव्हती. कोल्डस्ट्रीम समितीच्या 1960 च्या अहवालानुसार कलाशिक्षणात नवी राष्ट्रीय पदविका आली, तिच्या चार शाखांपैकी एक वस्त्र व फॅशन ही होती, आणि सर्वच शाखांत सुमारे 15 टक्के वेळ कलेतिहास व पूरक अभ्यासासाठी राखण्यात आला. शिवणयंत्रावर बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती लेखणी आली ती या तरतुदीमुळे. रॉयल कॉलेजला 1967 मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला, परंतु फॅशनच्या विद्यार्थ्यांना पदवी नाकारली गेली आणि त्याच्या निषेधार्थ प्राध्यापक जेनी आयर्नसाइड यांनी 1968 मध्ये पद सोडले. राष्ट्रीय पदविकेचे रूपांतर बी.ए. ऑनर्समध्ये झाले ते 1974 मध्ये.

कलेक्शनचे काम मात्र बव्हंशी जुन्या कारागिरीच्याच वाटेने चालते. रेखाटनावरून कागदी पॅटर्न कापला जातो, त्याबरहुकूम मांजरपाटासारख्या स्वस्त सुती कापडात कच्चा पोशाख शिवला जातो, ज्याला ‘त्वाल’ म्हणतात. तो अंगावर चढवून, टाचण्या लावून, खांद्याचा उतार किंवा कमरेची चुणी दुरुस्त केल्यावर आणि त्या दुरुस्त्या पुन्हा पॅटर्नवर उतरवल्यावरच महागड्या कापडाला कात्री लागते.

या कामाचे मूल्यमापन परीक्षकांच्या दालनाबाहेर गेले, ते पदवी-प्रदर्शनांना खरेदीदार आणि पत्रकार येऊ लागल्यामुळे. जॉन गॅलियानो यांचे फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या छानछोकी तरुणांवर आधारलेले 1984 चे कलेक्शन लंडनच्या ‘ब्राउन्स’ या दुकानाने विकत घेतले. 1992 मध्ये अलेक्झांडर मॅक्वीन यांचे एम.ए.चे कलेक्शन फॅशन-संपादक इसाबेला ब्लो यांनी 5,000 पौंडांना, हप्त्याहप्त्याने पैसे देत घेतले. हुसेन चालायान यांनी 1993 मध्ये लोखंडाच्या किसासह जमिनीत पुरून गंज चढवलेले कपडे सादर केले, आणि तेही ‘ब्राउन्स’च्या दर्शनी काचेत झळकले. पुरणे आणि उकरून काढणे हा तेथे पोशाखाच्या घडणीचाच भाग होता. निबंधाकडून अपेक्षित असलेला विचार कापडानेच मांडला होता आणि बाजारानेही तो स्वीकारला होता.

भारतातील क्रमही यापेक्षा फार वेगळा नाही. तयार कपड्यांच्या निर्यातीला प्रशिक्षित माणसे हवीत म्हणून केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीत 1986 मध्ये दिल्लीत ‘निफ्ट’ ही संस्था सुरू झाली, 1995 मध्ये तिचे केंद्र मुंबईत आले, पण पदवी देण्याचा अधिकार तिला संसदेच्या 2006 च्या कायद्याने मिळाला. दोन्ही देशांत धंद्याची गरज आधी मान्य झाली आणि ज्ञानशाखा म्हणून मान्यता नंतर आली. म्हणूनच अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आजही एकाच कलेक्शनमधून गिऱ्हाईक आणि परीक्षक या दोघांनाही पटवावे लागते.