बिदागी

सुगी सरून खळी उठली की आमच्या गावात बहुरूपी यायचा. कुणी त्याला रायरंद म्हणायचं. एका वर्षी तो फौजदार होऊन आला. खाकी कपडे, कमरेला पट्टा, हातात दांडकं. सोप्यात शिरून दादांवर, म्हणजे माझ्या वडलांवर, गरजला, "सोसायटी थकलीय तुमची. चला चावडीवर!"

दादांचं तोंड उतरलं. सोसायटी खरंच थकली होती. त्यांनी हात जोडले. तसा तो हसला, दांडकं काखेत मारून वाकला आणि म्हणाला, "पाटील, पोट हाय म्हणून सोंग हाय." सगळी आळी हसली. दादाही हसले, पण जरा उशिरा. मग आईला म्हणाले, "मापटंभर जोंधळं घाल त्याला. भीक न्हाई ती, बिदागी हाय."

तेव्हा वाटायचं, आपण त्याचं सोंग बघतोय. आता कळतं, तोही आमचं बघत होता. अंगावर खाकी असली की हात जोडायचे, आणि त्याच माणसानं झोळी पुढं केली की काहींच्या कपाळाला आठ्या.

ही रीत जुनी. सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी भारुडांत वासुदेव, जोशी, बहुरूपी आणले. दारोदार मागणाऱ्याच्या तोंडून गावाला शहाणपण सांगितलं. पुढं १९५९ साली मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, खेळ करून, भविष्य सांगून मागणंही त्यात भीकच धरलं. पहिल्यांदा गुन्हा शाबीत झाला तरी एक ते तीन वर्षं डांबून ठेवायची तरतूद होती. दादांनी बिदागी आणि भीक यांत जो फरक केला होता, तो कायद्याच्या कागदावर उरला नाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याच्या आठवडी बाजारात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं ती.

त्याच साली दिवाळीनंतर आमच्या दारात एक तरणा बहुरूपी आला. अंगावर साधे कपडे, सोंग पिशवीत. आणि मी, भारुडं ऐकत वाढलेला माणूस, पहिलं काय बोललो? "आधार कार्ड दाव."

त्यानं कार्ड दाखवलं. सोबत पोलीस ठाण्याचा शिक्का मारलेला कागदही होता. म्हणाला, "मालक, आता सोंग काढायच्या आधी कागद काढावा लागतो."

मला लाज वाटली. म्हटलं, "काढ की सोंग, पोरं बघतील."

त्यानं आळीकडं बघितलं. दोन-चार माणसं जमत होती. "नगं मालक. लोक जमाय लागलं की आता धडकी भरती."

मी आत जाऊन मापटंभर जोंधळे आणले आणि त्याच्या पिशवीत ओतले. दादांच्या वेळचंच माप. पण खेळ झालाच नव्हता. मग ती बिदागी कशी? माझ्या हातून भीकच घातली गेली.