राईनपाडा आणि कलम ७९

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. जमावाने त्यांना मुलं पळवणारी टोळी ठरवलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्याआधी कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर हीच अफवा गावोगाव फिरत होती.

मारणाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला, व्हायलाच हवा होता. पण अफवा जिच्यातून वाहत आली त्या कंपनीचं काय? तर कायद्याने काहीच नाही. का, ते बघू.

२००४ मध्ये बाझी डॉट कॉमवर कुणीतरी अश्लील क्लिप विकायला ठेवली आणि अटक झाली थेट कंपनीच्या प्रमुखाला. उद्योगवाले हादरले. मग डिसेंबर २००८ मध्ये, २६/११ ला महिनाही झाला नसताना, संसदेने फारशी चर्चा न करता आयटी कायदा बदलला. एकाच दुरुस्तीत दोन गोष्टी आल्या. कलम ६६अ : आक्षेपार्ह लिहिणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. आणि कलम ७९ : दुसऱ्याचा मजकूर नुसता पोचवणाऱ्या कंपनीला मोठं अभय.

६६अ चा दणका आपण पालघरला पाहिला. बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हाच्या बंदवर, नोव्हेंबर २०१२ मध्ये, एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं. दोघींना अटक! फेसबुकला कुणी हात लावला नाही. (लावायला हवा होता असं नाही, मुळात गुन्हाच नव्हता.) श्रेया सिंघल खटल्यात २०१५ साली सुप्रीम कोर्टाने ६६अ रद्द केलं, ते उत्तमच झालं. त्याच निकालात असंही ठरलं, की कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावरच कंपनीने मजकूर काढायचा. लिहिणाऱ्यांसाठी हे चांगलं. पण बाजाराच्या दिवशी पेटलेल्या अफवेवर आदेश कुठून आणणार? शिवाय व्हॉट्सॲपचे मेसेज कंपनीलाही वाचता येत नाहीत.

राईनपाड्यानंतर सरकारने तंबी दिली. कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. म्हणजे तोटी आवळता येत होती! ती आधी का आवळली नाही, हा प्रश्न मला कळीचा वाटतो, पण तो विचारणारं कलमच नव्हतं.

२०२१ च्या नियमांत सरकारने मागितलं काय, तर मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला त्याचं नाव. म्हणजे पुन्हा लिहिणाराच. त्याविरुद्ध व्हॉट्सॲप मे २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टात गेलं.