सायकलचा क्रँक घरच्या घरी कसा काढायचा? महागडे पाने नसले तरी चालेल, पण आधी हे वाचा

आंधळगाव (ता. मोहाडी) : कोशाच्या कापडासाठी ओळखलं जाणारं आपलं आंधळगाव असो की आजूबाजूची धानपट्ट्यातली खेडी, सायकल अजून घरोघरी आहे. शाळेत जाणारी पोरं, बांधीवर जाणारे शेतकरी, बाजाराला निघालेली माणसं, सगळ्यांचं काम तिच्यावर चालतं. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदतही मिळते. पण रोवणीच्या दिवसांत चिखल-पाण्यातून सायकल निघाली की थोड्याच दिवसांत पायडल मारताना 'कट-कट' आवाज सुरू होतो. बहुतेक वेळा दोष क्रँकचा असतो.

पायडल ज्या दांडीला लागलेलं असतं, ती दांडी म्हणजे क्रँक. ती सैल असताना तशीच सायकल चालवत राहिलं, तर आतलं छिद्र खाल्लं जातं आणि चांगला क्रँक भंगारात जातो. चढावर जोर देताना दांडी निसटली तर माणूस रस्त्यावर पडतो. म्हणून आवाज आला की त्याच आठवड्यात उघडून बघितलेलं बरं.

आधी दोष ओळखा

एका हातात डावा, दुसऱ्या हातात उजवा क्रँक धरा आणि दोन्ही एकमेकांच्या उलट दिशेने हलवा. एकच दांडी हलत असेल तर त्या बाजूचा क्रँक सैल आहे. दोन्ही दांड्या मिळून डावीकडे-उजवीकडे डुलत असतील तर क्रँक ठीक आहे, मधल्या धुऱ्याचे (बी.बी. एक्सलचे) छर्रे किंवा कप झिजले आहेत. ते काम वेगळं, पण त्यासाठीही क्रँक काढावाच लागतो.

तुमच्या सायकलीचा क्रँक कोणता?

गावात तीन प्रकार दिसतात. प्रत्येकाची काढायची रीत वेगळी आहे. चुकीची रीत लावली की नुकसान ठरलेलं.

१) कॉटर पिनवाला : जुन्या काळ्या, दांड्याच्या सायकली आणि बऱ्याच साध्या लेडीज सायकली. क्रँकच्या मुळाशी आडवी पिन आणि तिच्या टोकाला छोटा नट दिसतो.

२) चौकोनी धुऱ्याचा : नव्या गिअरच्या आणि जाड टायरच्या सायकली. पिन नसते. क्रँकच्या मध्यभागी प्लास्टिकची टोपी, तिच्याखाली मोठा बोल्ट किंवा नट असतो.

३) एकसंध क्रँक : लहान मुलांच्या बऱ्याच सायकली. डावी दांडी, धुरा आणि उजवी दांडी असा एकच वाकवलेला लोखंडी तुकडा असतो.

कॉटर पिन काढण्याची रीत

लागणारं सामान : नटाला बसणारा पाना, मध्यम हातोडी, लोखंडी पाइपाचा तुकडा, थोडं तेल.

आदल्या रात्री पिनेच्या दोन्ही टोकांवर तेल सोडून ठेवा. गंज लागलेली पिन रात्रभर भिजली की सकाळचं निम्मं काम झालेलं असतं.

सकाळी क्रँक असा फिरवा की नट वरच्या बाजूला येईल. नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. नटाचं तोंड आणि पिनेचं टोक एका पातळीत येईल इथपर्यंतच फिरवा. असं केलं की हातोडीचा मार नट आणि पिन मिळून घेतात, पिनेचे आटे चेपत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. क्रँकच्या खाली, पिनेच्या डोक्याच्या बरोबर खाली, पाइपाचा तुकडा उभा ठेवा. पाइपाचं भोक पिनेच्या डोक्यापेक्षा मोठं हवं, म्हणजे पिन खाली त्यात उतरेल. पाइप दगडावर किंवा सिमेंटच्या फरशीवर घट्ट टेकलेला हवा. उंची कमी पडली तर खाली लाकडाची पाचर घाला. आधार नसेल तर प्रत्येक ठोका मधल्या छर्ऱ्यांवर बसतो आणि कपाला खळगे पडतात. घरी केलेलं काम बिघडतं ते बहुतेक इथेच.

आधार बसला की हातोडीचा एक जोरदार, सरळ ठोका मारा. हळूहळू वीस ठोके मारले तर पिन वाकते आणि टोक फुगून अजून घट्ट बसते. दोन-तीन ठोक्यांत हलली नाही तर थांबा, पुन्हा तेल सोडा, संध्याकाळी परत करा. पिन हलली की नट काढून घ्या आणि जाड खिळा किंवा पंच लावून उरलेली पिन खाली काढा.

वाकलेली पिन परत वापरू नका. नवी पिन फार महाग नसते. दुकानात जाताना जुनी सोबत न्या आणि तेवढ्याच जाडीची घ्या.

पिन बसवताना

पिनेची एक बाजू उतरती, सपाट असते. ती धुऱ्याच्या सपाट खाचेवर बसली पाहिजे. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट घालायच्या : एकीचा नट वर असेल तेव्हा दुसरीचा खाली. दोन्ही एकाच बाजूने घातल्या तर दोन पायडल एका सरळ रेषेत राहत नाहीत आणि चालवताना पाय लंगडतो. बसवतानाही खाली पाइपाचा आधार ठेवूनच पिन ठोका आणि मग नट आवळा. नटाने पिन ओढायचा प्रयत्न केला तर आटे जातात. पिन पुरेशी आत जात नसेल तर सपाट बाजू कानसीने थोडी, एकसारखी घासा. एक-दोन दिवस सायकल चालवून नट पुन्हा तपासा.

चौकोनी धुऱ्याचा क्रँक

या क्रँकसाठी 'क्रँक पुलर' नावाचं छोटं अवजार येतं. ते नसेल तर खालचे उपाय करता येतात.

आधी टोपी काढा. आतला बोल्ट किंवा नट बऱ्याच सायकलींना १४ नंबरच्या गोटी पान्याने निघतो, काहींना ८ नंबरची एल-की लागते. दोन्ही बाजूंना आटे सरळच आहेत, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवलं की सैल. बोल्टाखालचा वायसर निघाला की नाही ते टॉर्च लावून बघा. तो आत राहिला तर पुलर लावूनही क्रँक हलणार नाही.

*गरम पाणी :* क्रँक ॲल्युमिनियमचा आणि धुरा पोलादाचा असेल तर हे आधी करून बघा. ॲल्युमिनियम तेवढ्याच उष्णतेला पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. क्रँकच्या मुळावर उकळतं पाणी हळूहळू ओता, मग आतल्या बाजूने लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने मारा. क्रँक थोडा-थोडा फिरवत चारही बाजूंनी ठोका. हात-पाय भाजणार नाहीत याची काळजी घ्या. गॅस किंवा स्टोव्हची ज्वाला लावू नका, ॲल्युमिनियम कमजोर होतं.

*बेअरिंग पुलर :* मोटार रिवायंडिंगवाल्याकडे किंवा मोटारसायकल मेकॅनिककडे दोन पायांचा पुलर असतो. त्याचे पाय क्रँकच्या मागे अडकवा आणि मधला स्क्रू धुऱ्याच्या टोकावर टेकवा. धुऱ्यातले आटे खराब होऊ नयेत म्हणून भोकात एक छोटा बोल्ट आधी घालून ठेवा. उजव्या बाजूला पाय चेनव्हीलच्या दात्यांत अडकवू नका, पत्रा वाकतो.

*चालवून सैल करणं :* बोल्ट काढून सायकल चालवली की क्रँक आपोआप सुटतो, असं बरेच जण सांगतात. सुटतो हे खरं, पण चौकोनी छिद्र गोल होतं आणि तो क्रँक पुन्हा कधीच घट्ट बसत नाही. क्रँक फेकायचाच असेल तरच हा उपाय करा. तेव्हाही बोल्ट पूर्ण न काढता दोन फेरे सैल ठेवा, मोकळ्या मैदानात चार-सहा पायडल मारा. रस्त्यावर नाही, आणि मुलांनी तर अजिबात नाही.

परत बसवताना धुरा आणि छिद्र कोरड्या फडक्याने पुसा. बोल्ट चांगला आवळा : वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंमी पान्याच्या टोकावर १८ ते २० किलोचा जोर पुरतो. अर्धवट आवळलेला बोल्टच पुढे क्रँक खातो.

मुलांच्या सायकलीचा एकसंध क्रँक

इथे हातोडी लागत नाही. चेन उतरवा. डावं पायडल काढा. मग डाव्या बाजूचा मोठा नट काढा. या नटाचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. त्याखालचा वायसर आणि कोनही काढा, कोनही उलट्याच आट्यांचा. छर्ऱ्यांची जाळी बाजूला ठेवा. आता पूर्ण क्रँक तिरपा करत उजवीकडून बाहेर काढा.

उलट्या आट्यांची यादी, मोबाइलमध्ये ठेवा

- डावं पायडल : उलटे आटे. काढताना घड्याळाच्या दिशेने.
- उजवं पायडल : सरळ आटे.
- एकसंध क्रँकचा डावा नट आणि कोन : उलटे.
- साध्या सायकलीचा उजवा, चेनकडचा बी.बी. कप : उलटे.
- डावा बी.बी. कप : सरळ. त्याची बाहेरची रिंग आधी सैल करा.

जोर लावूनही काही सुटत नसेल तर पाइप लावून पाना लांब करण्याआधी एकदा ही यादी बघा. आपण तेच आवळत असू.

क्रँक उघडलाच आहे तर

छर्रे सुटे असतील तर काढताना दोन्ही बाजूंचे मोजून वेगवेगळ्या वाटीत ठेवा. रॉकेल किंवा डिझेलने धुवा, खरबरीत किंवा खड्डे पडलेले छर्रे बदला, नवं ग्रीस भरा. खाली कागद पसरून बसा, अंगणातल्या मातीत गेलेला छर्रा सापडत नाही.

दुकानात कधी न्यावं?

पिन आत तुटली, धुऱ्याचे आटे गेले, क्रँकला चीर दिसली, किंवा दोनदा प्रयत्न करूनही हललं नाही, तर जवळच्या सायकल दुकानात न्या. तुटलेली पिन ड्रिलने काढावी लागते. चीर गेलेला क्रँक वेल्डिंग करून चालवू नका, तो पुन्हा तिथेच तुटतो.

आणि एक सूचना : घरात किंवा मोहल्ल्यात चौकोनी धुऱ्याच्या चार-पाच सायकली असतील तर सगळ्यांनी मिळून एक क्रँक पुलर घेऊन ठेवा. त्याने दहा मिनिटांचं काम होतं आणि क्रँकही वाचतो.