समानार्थी शब्दांची यादी आणि एक लाल रेघ

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील शालेय निबंधांचा एक गठ्ठा वाचण्याचे काम माझ्याकडे आले होते. विषय होता '१७ जानेवारी'. सातवीतल्या एका मुलीने लिहिले होते, 'पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली.' तिच्या शिक्षकांनी 'मेली' या शब्दावर लाल रेघ ओढून वर 'निधन पावली' असे लिहिले होते आणि समासात सूचना दिली होती : 'चांगला समानार्थी शब्द वापरावा.'

दुरुस्ती सद्हेतूनेच झाली असणार. 'मेली' हा शब्द निबंधाच्या मानाने उघडावाघडा वाटला असेल. पण दुरुस्त झालेले वाक्य पुन्हा वाचा : पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे निधन पावली. निधन वार्धक्याने होते, दीर्घ आजाराने होते, वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर चौकटीत होते. गोळीने माणूस मरतो, ठार होतो, मारला जातो. बेळगावसह मराठी मुलूख म्हैसूर राज्यात घालण्याच्या निर्णयाविरुद्ध १७ जानेवारी १९५६ रोजी येथे जो क्षोभ उसळला, त्यावर गोळीबार झाला. त्या मुलीच्या ओबडधोबड शब्दात गोळीचा आणि मरणाचा संबंध शाबूत होता. सभ्य प्रतिशब्दाने तो तोडला. अर्थ तोच राहिला असे यादी म्हणते. घडलेली गोष्ट मात्र बदलली.

ही यादी आली कुठून, हे पाहण्यासारखे आहे. 'पाणी : जल, नीर, उदक, तोय, जीवन' ही आपल्या व्याकरणाच्या पुस्तकातली ओळ थेट अमरकोशाच्या घराण्यातली आहे. अमरसिंहाच्या त्या ग्रंथाचे औपचारिक नाव 'नामलिंगानुशासन'. नावे आणि त्यांची लिंगे सांगणारा, तीन कांडांचा, श्लोकबद्ध. पाठशाळेतली मुले तो मुखोद्गत करीत, आणि त्या शिक्षणात त्याला चोख प्रयोजन होते. संस्कृत पद्य रचायचे तर लघु-गुरूंचा हिशेब बसला पाहिजे. 'जल' बसले नाही तर 'सलिल' बसेल. तेथे शब्द निवडण्याचे निम्मे काम वृत्तच करीत असे. आपण वृत्त सोडले, पद्य सोडले, आणि यादी तेवढी गद्य निबंधाच्या तासाला आणून ठेवली. मग 'दमून आल्यावर आईने मला थंडगार उदक दिले' असे वाक्य वहीत येते आणि त्याला गुणही मिळतात. मराठीत उदक पितात ते पूजेनंतर पळीने. एरवी ते हातावरून सोडतात.

मराठीचे स्वतःचे प्रतिशब्द अमरकोशातून आले नाहीत. ते राज्यांबरोबर, बाजारांबरोबर, लग्नसंबंधांबरोबर आले. बहामनी काळापासून दफ्तराची भाषा फारसी असल्याने 'जमीन', 'वसूल', 'फिर्याद', 'हुकूम' हे शब्द आपल्या तोंडी इतके बसले की त्यांचे परकेपण आज सांगावे लागते. या भरतीला पहिला पद्धतशीर बांध घातला तो शिवछत्रपतींनी. राज्याभिषेकाच्या सुमारास त्यांनी रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडून 'राज्यव्यवहारकोश' करविला. राजवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत दफ्तरी यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. ही यादी अमरकोशाच्या जातीची नव्हती. हा शब्द की तो, यात राज्य कोणाचे हा प्रश्न होता.

या कोशाचे पुढे काय झाले, ते मुलांना अवश्य सांगावे. 'सचिव' आणि 'सेनापती' टिकले. 'मुख्य प्रधान' हे नाव कोशात आणि राज्यात प्रतिष्ठित असूनही लोकांनी 'पेशवा' हाच शब्द धरून ठेवला, आणि अठराव्या शतकाला आपण आज पेशवाईच म्हणतो. किल्ल्यांबाबत तर दोन्हींचा संसार सुखाने झाला. 'किल्ला' अरबीतून आला, 'दुर्ग' संस्कृतातून आला, 'गड' घरचा. पण ते एकमेकांच्या जागी उभे राहत नाहीत. बेळगावच्या किल्ल्याला कोणी बेळगावचा गड म्हणत नाही, कारण तो सपाटीवरचा, खंदकाचा, भुईकोट. येळ्ळूरच्या डोंगरावर आहे तो राजहंसगड. समुद्रातला तो जलदुर्ग. हे तीन शब्द सातवीच्या वर्गाला एका सहलीत शिकवता येतात आणि पुन्हा कधी विसरत नाहीत.

तुरुंगाचे उदाहरण मला अधिक प्रिय आहे. आमच्या चळवळीत त्या जागेचा परिचय नसलेले घर विरळा. 'तुरुंग' पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या 'त्रोंकु' या शब्दाचा मूळ अर्थ झाडाचे खोड. त्यावरून कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडा, आणि त्यावरून बंदिखाना. 'कैद' अरबी. 'कारागृह' संस्कृत. 'जेल' इंग्रजांचा. चार सत्तांचे चार शब्द, आणि प्रत्येकाने आपली बिऱ्हाडे वेगळी केली. माणसाला तुरुंगात डांबतात, पण कारावास तो भोगतो. कारावासात कोणी डांबत नाही. आग्र्याला महाराज नजरकैदेत होते. 'नजरतुरुंग' असा शब्दच नाही. सरकारी पाटीवर 'मध्यवर्ती कारागृह' लिहिलेले असते आणि त्याच दारातून सुटून आलेला कार्यकर्ता सांगतो, 'तीन आठवडे जेलात होतो.' पाटीवर दरारा हवा म्हणून कारागृह. कार्यकर्त्याला त्याचे काही वाटत नाही हे दाखवायचे म्हणून जेल.

'पगार'ही गोव्याच्याच वाटेने पोर्तुगीजांकडून आला. 'वेतन' संस्कृत, 'तनखा' फारसी. यादीत तिघे शेजारी बसतात. पण बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरच्या वाचकांना सांगायला नको, की १९७१ साली घटनादुरुस्तीने बंद झाले ते संस्थानिकांचे तनखे. राजाला पगार म्हटला असता तर तो नोकर ठरला असता. वेतन आयोगाचे असते, किमान वेतन कायद्याचे असते. पण बिनपगारी फुल अधिकारी तो बिनपगारीच. त्याला 'बिनवेतनी' करून पाहा, विनोद मरतो.

बडोद्याचा उल्लेख आला, तर सयाजीराव महाराजांच्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु'चा करायला हवा. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या या कोशात राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांतून शेजारी शेजारी मांडले आहेत. राज्यव्यवहारकोशाने एक भाषा काढून दुसरी आणली. बडोद्याच्या कोशाने सगळ्यांना एका पंक्तीला बसवले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला हे दुसरे दृश्य जवळचे वाटावे. आमची मुले रोज तेच जगतात.

बेळगावच्या मुलाच्या कानावर कन्नड अंगणातच पडते. 'तूप' आणि कन्नड 'तुप्प' यांचे नाते त्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही. कन्नडात 'ताई' म्हणजे आई, आणि मराठीत मोठी बहीण, हे ऐकून तो हसतो आणि मग विचार करतो. 'बहीण : भगिनी, ताई, अक्का' ही यादी त्याच्यासमोर ठेवली की तो स्वतःच सांगतो : ताई आणि अक्का ही हाक मारायची नावे, बहीण हे नाते सांगायचे, आणि भगिनी सभेतली, बंधूंच्या शेजारी. ही समज त्याने घरून आणलेली असते. आपण तिच्यावर लाल रेघ ओढतो आणि मग मुलांचे मराठी कच्चे म्हणून परिषदा भरवतो.

मोल्सवर्थने कँडी बंधूंच्या साहाय्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. त्या परक्या माणसाने शब्दाची व्युत्पत्तीच दिली नाही, तर हा शब्द कोकणातला, हा कवितेतला, हा हलक्या बोलण्यातला, असेही अनेक ठिकाणी नोंदवले. इतकी काळजी आमच्या शालेय यादीने दीडशे वर्षांनंतरही घेऊ नये, याचे दुःख वाटते.

मरणाच्या शब्दांपाशी परत येतो. मराठीत माणूस कसा मेला, कुठल्या धर्माचा होता, बोलणारा त्याचा कोण लागतो, हे सारे एका शब्दात सांगता येते. कैलासवासी, ख्रिस्तवासी, पैगंबरवासी. संत समाधिस्थ होतात, शिपाई कामी येतो, अपघातात बळी जातो. 'शहीद' अरबी, मूळ अर्थ साक्षीदार. 'हुतात्मा' हा सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून रूढ झालेला शब्द. ज्याने स्वतःची आहुती दिली तो. येथे एक बारीक पण जड भेद आहे. 'गोळीबाराचा बळी' म्हटले की डोळ्यांसमोर गोळी झाडणारा येतो. 'हुतात्मा' म्हटले की देणारा येतो. घटना सांगायची तेव्हा पहिला शब्द लागतो, स्मरण करायचे तेव्हा दुसरा. 'हुतात्मा' हाच शब्द सगळीकडे वापरला तर गोळ्या कोणी झाडल्या हे वाक्यातून हळूच निसटते. आमच्या व्यासपीठांवरूनही ही चूक होते, माझ्याकडूनही झाली आहे.

पुढे एकदा मुलांच्या शिबिरात मी यादी दिली नाही. फळ्यावर दोन रिकाम्या जागा ठेवल्या : 'गोळीबारात माणसे ...' आणि 'आपण ... ना अभिवादन करतो'. खाली शब्द लिहिले : मेली, मारली गेली, निधन पावली, बळी, हुतात्मे, शहीद. अर्धा तास भांडण चालले. एका मुलाने 'निधन पावली' उचलून पहिल्या जागी ठेवले, तेव्हा मागून दुसरा ओरडला, 'मग गोळी कोणाला लागली?' शेवटी पहिल्या जागी 'मारली गेली' आले. दुसरीत 'हुतात्मे' की 'शहीद' यावर एकमत झाले नाही, दोन्ही ठेवले.

त्या मुलीच्या वहीतली लाल शाई मला पुसता आली नाही. 'मेली' या शब्दाखाली शिसपेन्सिलीने एक टिंबांची ओळ काढली, छापखान्यात खोडलेला मजकूर कायम ठेवायचा असला की काढतात तशी, आणि वही परत केली.