डी ड्राइव्हची वाटणी

पार्टिशन म्हटलं की आम्हा जुन्या पनवेलकरांना आधी वाडा आठवतो. जोतं एकच, छप्पर एकच, आणि आत भावाभावांच्या वाटण्या होऊन उभ्या राहिलेल्या भिंती. हार्ड डिस्कचंही तसंच. पेटी एकच, पण आत सी, डी, ई असे वाटे. कॉम्प्युटर असेंबल करून देणारा मुलगा जाताना हमखास सांगून जायचा, "काका, महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवा. सी कधीही फॉरमॅट करावा लागेल!" त्यामुळे आपल्या घराघरांतून सीमध्ये विंडोज आणि डीमध्ये संसार अशी रीतच पडून गेली.

ही अक्षरं आली कुठून? मायक्रो-कॉम्प्युटरवर ती रुळवली गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या १९७०च्या दशकातल्या प्रणालीने. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपींना गेली. १९८३च्या पीसी-एक्सटीत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, तिच्या वाट्याला सी उरलं. फ्लॉपी केव्हाच गेल्या, पण पंक्तीतले पहिले दोन पाट अजून रिकामेच आहेत :-)

युनिक्सवाल्यांची रीत मात्र निराळी. त्यांच्या नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या मॅन्युअलमध्येच 'माउंट' ही आज्ञा आहे. तेव्हाच्या काही डिस्क काढघाल करण्यासारख्या असत. ऑपरेटर ती डिस्क हाताने यंत्रावर चढवायचा आणि मग यंत्राला सांगायचा, की बाबा रे, चढवली. त्या चढवण्यालाच माउंट म्हणायचं. चढवलेली डिस्क युनिक्समध्ये वेगळं घर होत नाही. आहे त्याच घरातल्या एखाद्या फोल्डरला ती जोडली जाते, म्हणजे जणू एक दार उघडतं आणि पलीकडची खोली आपल्या घरात येते. काम संपलं की दार लावायचं, ते अनमाउंट. (त्या आज्ञेच्या स्पेलिंगमधला पहिला 'एन' युनिक्सवाल्यांनी तेव्हाच गाळला, तो आजतागायत परत आलेला नाही.)

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? सांगतो.

२०००च्या सुमाराला क्लाउस क्नॉपर या जर्मन माणसाने क्नॉपिक्स काढलं. ते सीडीवरूनच चालायचं, हार्ड डिस्कला हात लावायची गरज नाही. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी पपी लिनक्स आणलं. ते तर इतकं हलकं, की पुरेशी रॅम असेल तर पूर्णच्या पूर्ण रॅममध्ये जाऊन बसतं. नाव त्यांच्या कुत्र्यावरून दिलेलं.

२००८च्या पावसाळ्यात आमच्या काकांचा कॉम्प्युटर सुरू होईना. विजेचा लपंडाव चालूच होता. दुरुस्तीवाला म्हणाला, सगळी डिस्क पुसावी लागेल. आणि डीमध्ये होता काकांनी चार वर्षं खपून टाइप केलेला आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत! काकू तर देवापाशी दिवा लावून बसल्या. पपीची सीडी घातली. डेस्कटॉपवर एकेका पार्टिशनचं चित्र आलं. त्यावर क्लिक केलं की पार्टिशन माउंट होतं आणि फायलींची खिडकी उघडते. संसार जागच्या जागी होता. सगळा पेन ड्राइव्हवर घेतला.

काकांचा पहिला प्रश्न होता, "अरे, पण पासवर्ड?" प्रश्न अगदी रास्त. पण पासवर्ड असतो विंडोजच्या पुढच्या दाराला. पपीत आपण सर्वाधिकारी म्हणूनच वावरतो, आणि डिस्कवरचा मजकूर गुप्तलिपीत नसेल तर तो कुणालाही वाचता येतो. आपल्याला जे दार उघडतं, तेच चोरालाही उघडतं.

लिहिण्याचं मात्र जपून. विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर लिनक्समधून बिनधास्त लिहिण्याची सोय आली ती २००७ साली, एनटीएफएस-३जीच्या पहिल्या स्थिर आवृत्तीबरोबर. त्याआधी वाचायचं आणि नुसतं उचलून आणायचं, हेच शहाणपणाचं होतं.

खरी गंमत पुढेच झाली. फायलींची मराठी नावं नुसती प्रश्नचिन्हं होऊन आली होती. पार्टिशन यूटीएफ-८ हा पर्याय देऊन पुन्हा माउंट केलं, तेव्हा तिथे चौकोन आले. पपीत देवनागरी फाँटच नव्हता. आणि कुलवृत्तांत उघडला तर आत निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी! आपल्याकडच्या जुन्या फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले होते, तेही प्रत्येक कंपनीने आपापल्या क्रमाने. इस्कीचं भारतीय प्रमाण १९९१ साली ठरलं होतं, युनिकोडमध्येही देवनागरी त्याच वर्षी आली, विंडोज २०००मध्ये मंगल फाँट आला. तरी घराघरांत आणि छापखान्यांत जुनीच रीत पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली.

म्हणजे फाइल हाती आली, पण आजोबा-पणजोबांची नावं काही वाचता येईनात. फाँट सापडला तो सीमध्ये, विंडोजच्या फाँट्स फोल्डरात. दुरुस्तीवाला पुसायला निघाला होता तीच वाटणी! तिचंही दार उघडलं, फाँट उचलून पपीत ठेवला आणि पहिल्या पानावर श्रीगजानन प्रसन्न झाला. नंतर चुलतबहिणीने सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणला, त्यात तिची दिवाळीची सुट्टी गेली.

असो. हे आज लिहायचं कारण असं, की नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांच्या माळ्यावर जुने कॉम्प्युटर पडून आहेत. भंगारात देण्यापूर्वी एकदा दार उघडून बघा. पपी आता पेन ड्राइव्हवरूनही चालतं. जुन्या डिस्कना यूएसबीला जोडायची वायर बाजारात मिळते. नुसता डीमधला मजकूर घेऊन थांबू नका, सीमधले फाँटही घ्या. नव्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी. त्यातल्या बऱ्याच जणांची डिस्क आता मुळातच गुप्तलिपीत असते, किल्लीशिवाय पपीही काही करू शकत नाही. तेव्हा ती किल्ली आजच कागदावर उतरवून पत्रिकांच्या पिशवीत ठेवा.

आणि हो, पेन ड्राइव्ह उपटण्याआधी अनमाउंट करा. कॉपी झाली असं दिसलं तरी थोडं लिहायचं बाकी असू शकतं.