काकांची खरखर-पेटी आणि अण्णांची अक्षरं

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतल्या वस्तूंबद्दल लिहायचं म्हटलं की समई, तंबोरा, नाहीतर गायकवाडी काळातली सनद पुढे येते. मी लिहितेय एका पत्र्याच्या पेटीबद्दल. अर्ध्या किलो मिठाईच्या खोक्याएवढी. वर फिरवायची दोन बटणं आणि पायाने दाबायचा एक स्विच. माझ्या धाकट्या काकांनी ती १९७३ साली दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बनवली. गिटारची वायर एका बाजूने आत जायची, दुसरी बाहेर निघून ॲम्प्लिफायरला. स्विच दाबला की गिटारचा स्वच्छ सूर फाटून खरखरीत यायचा. इंग्रजीत त्याला फझ म्हणतात. आमच्याकडे ती ‘खरखर-पेटी’.

या आवाजाचा जन्मच मुळी बिघाडातून झाला. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनची बास गिटार फाटक्या आवाजात उमटली. तिथले इंजिनियर ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड मुद्दाम करणारं सर्किट जुळवलं आणि १९६२ मध्ये ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ नावाने बाजारात आलं. ट्रम्पेट, सॅक्सोफोनसारखा आवाज गिटारवर काढा, अशी त्याची जाहिरात होती. खप मात्र खरा वाढला तो १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’नंतर. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने गोल डब्यातला ‘फझ फेस’ काढला. त्यात फक्त दोन ट्रान्झिस्टर होते.

आमच्या काकांची पेटी याच दोन ट्रान्झिस्टरच्या घराण्यातली. ‘दम मारो दम’ आल्यावर त्यांच्या ऑर्केस्ट्राला तसलीच गाणी मागत. ट्रम्पेटवाला परवडत नसे. परदेशी पेडल आणायचं तर आयात परवाना आणि जबर जकात. पण भाग इथेच मिळत. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बेल, एसी १२८ नावाचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवायची. घरोघरच्या रेडिओत स्पीकरला जोर द्यायला ते असत. काका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून मोडीतले आणायचे आणि एकेक लावून ऐकून बघायचे.

काम साधं आहे. गिटारचा क्षीण सिग्नल इतका वाढवायचा की ट्रान्झिस्टरला तो झेपू नये. मग लाटेचे शेंडे कापले जातात, नवे सूर उमटतात, आवाज जाड होतो. पहिली पेटी काकांनी लाकडाची केली, तर गिटार थांबली की तीतून बारीक आवाजात आकाशवाणी लागायची! म्हणून मग पत्र्याची करवून घेतली. पत्रा सर्किटच्या सामाईक तारेला जोडला की बाहेरच्या लहरी अडतात.

जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. तापमान चढलं की आतली गळती वाढते आणि आवाज घुसमटतो. बडोद्याचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे. कार्यक्रमाआधी काका पेटी माठाशेजारी ओल्या फडक्यावर ठेवायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आजोबांना, म्हणजे अण्णांना, हे सारं बिलकुल पसंत नव्हतं. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, जिथे फैयाज खाँसाहेब गायले, तिथे आपला मुलगा ‘खडखडाट’ करतो याचा त्यांना त्रास व्हायचा. अण्णांनी त्या पेटीला कधी हातसुद्धा लावला नाही, असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

काका २०१९ मध्ये गेले. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत पेटी सापडली. गंज चढलेली, लाल रंगाचे पोपडे निघालेली. मुलगा म्हणाला, “आई, मी चालू करतो, रंगाचं तू बघ.” मी उत्साहात पॉलिश पेपर घेऊन बसले. लालच्या खाली हिरवा लागला. आणखी दोन हात मारल्यावर हिरव्यावर पांढरं काहीतरी दिसलं. तोवर उशीर झाला होता. डाव्या बटणाखाली ‘वाज’ उरलं होतं. उजव्या बटणाखाली ‘खरखर’ पूर्ण होतं. म्हणजे डावीकडे ‘आवाज’ असणार, आणि त्याचा ‘आ’ मी घासून टाकला होता.

अक्षर बघून मी उठले आणि स्वयंपाकघरातला मेथीचा जुना डबा आणला. अण्णा पी.डब्ल्यू.डी.त ड्राफ्ट्समन होते. आधी पट्टीने शिरोरेघ ओढायची, मग अक्षरं तिला टांगायची, अशी त्यांची सवय. घरातले सगळे डबे त्यांनीच लिहिलेले. ‘मेथी’मधला ‘म’ आणि पेटीवरचा ‘ख’ एकाच हाताचे. शंकाच नको.

मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, अण्णांनीच लिहून दिलं होतं, कुणाला सांगू नकोस म्हणून. पण पार्टीतली पोरं हसायची, पेडलवर मराठीत काय लिहिलंय म्हणून. मग ह्यांनी लाल रंग मारला. नंतर मनाला लावून घेतलं होतं.”

त्यानंतर आम्ही ठरवलं, नवं करायचं नाही, टिकवायचं. मुलाने वाळून गेलेले दोन कपॅसिटर बदलले. ट्रान्झिस्टर तेच ठेवले. डाग देताना त्यांचे पाय चिमट्याने धरले, म्हणजे उष्णता वर चढत नाही. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या ८.२ किलोओहमच्या रेझिस्टरजागी फिरवायचा छोटा ट्रिमर बसवला. आता उन्हाळ्यात स्क्रूड्रायव्हरने जुळवून घेता येतं, माठाची गरज नाही. ॲडाप्टर लावला नाही, ९ व्होल्टची बॅटरीच ठेवली. या सर्किटमध्ये धन टोक सामाईक असतं, त्यामुळे इतर पेडलांबरोबर एकाच ॲडाप्टरवर जोडलं तर शॉर्ट होतं. काढलेले भाग पाकिटात घालून पेटीतच ठेवलेत.

रंगाचं काम मी केलं. गंजलेल्या कडांना रेड ऑक्साइड लावलं. अक्षरांच्या हिरव्या भागावर, आधी कोपऱ्यात तपासून, फक्त पारदर्शक लॅकर दिला. ‘आ’ परत काढला नाही. मुलगा म्हणतो, “राहू दे ना, बटणाखाली ‘वाज’ बरोबरच आहे.”

काकूंना ऐकवलं. “अजून तेवढीच कर्कश आहे गं,” म्हणाल्या, आणि पुन्हा वाजवायला लावलं.

मंडळी, घरातल्या जुन्या वस्तूला नवा रंग काढणार असाल, तर पॉलिश पेपर हातात घेण्याआधी एका कोपऱ्यात खालचे थर बघून घ्या. मी बघितलं नाही. आणि बडोदा, इंदूर, ग्वाल्हेरच्या ऑर्केस्ट्रांत त्या काळी कुणाच्या घरच्यांनी अशा पेट्या बनवल्या असतील, तर जरूर लिहा.